बाबांच्या नावाची पत्रं

रघुवीर वेलकरांच्या घरी आलेलं टपाल तारीख लागल्याशिवाय पुढे सरकत नसे. लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो, नाहीतर दाराच्या फटीतून कुणी सरकवलेली क्लासची जाहिरात असो, पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने ‘प्राप्त’ लिहायचं, खाली तारीख घालायची आणि मगच ते टेबलावर ठेवायचं. फोर्टातल्या एका महामंडळात चौतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढलेल्या माणसाचा हात निवृत्तीनंतर गप्प बसेल, ही आशा त्यांच्या पत्नीने, बकुळाबाईंनी, केव्हाच सोडली होती. एकदा भाजीच्या पुडीवरही ‘प्राप्त’ लिहिलेलं सापडलं, असं त्या आल्यागेल्याला सांगत. त्यात खरं किती आणि तिखटमीठ किती, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

ऑफिसात रघुवीरांचा दरारा होता तो एवढ्याच एका गोष्टीचा. साहेब कितीही मोठा असला तरी आलेलं पत्र त्याच दिवशी वहीत चढायचं आणि त्याच दिवशी ज्याच्या त्याच्या टेबलावर जायचं. “आज आलेलं उद्यावर गेलं की ते पत्र राहत नाही, प्रकरण होतं,” असं ते नव्याने लागलेल्यांना ऐकवत. वाक्य मोठं झोकदार होतं. अशी वाक्यं माणसं बहुधा दुसऱ्यांसाठीच जपून ठेवतात.

कारण त्यांच्या घरात एका जातीची पत्रं या नियमातून सुटली होती. तारीख त्यांच्यावरही पडे, पण ती उघडली जात नसत. ती म्हणजे बाबांच्या नावाची पत्रं.

बाबा म्हणजे मोरेश्वर गणेश वेलकर. त्यांना जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती. पण माणूस गेला म्हणून त्याची पत्रं काही लगेच थांबत नाहीत. विमा कंपनीची येतात, बँकेची येतात, कुठल्याशा ग्रंथालयाच्या वार्षिक सभेची तर हटकून येतात. बाबा गेले त्या वर्षी रघुवीर असं एक पाकीट फोडायला लागले, तेव्हा आई म्हणाली, “त्यांच्या नावाचं आहे ना? मग त्यांच्यासमोर फोडा. आणि दोघांनी मिळून फोडा.” झालं, प्रथा पडली. बाबांच्या नावाचं पत्र आलं की ते फोटोखालच्या फळीवर, बाबांच्याच पितळी अडकित्त्याखाली ठेवायचं. पितृपक्षातल्या दशमीला, बाबांच्या तिथीला, धाकटी बहीण सुमेधा यायची. पान वाढलं जायचं, जेवणं व्हायची आणि मग भाऊ-बहीण फोटोसमोर बसून वर्षभराचा गठ्ठा सोडायची. सुमेधा केसातली पिन काढून पाकीट फोडायची, रघुवीर मोठ्याने वाचायचे. आई गेल्यावरही हे चालू राहिलं. विजेच्या बिलापुरती तेवढी सूट होती. तेही बाबांच्याच नावाने येई, पण ते तिथीपर्यंत ठेवलं असतं तर तिथी अंधारात करावी लागली असती.

आता, सत्तावीस वर्षांनंतरही बाबांच्या नावाने पत्रं यायचं मुख्य कारण असं की जागा अजून बाबांच्याच नावावर होती.

जागा म्हणजे फार काही नव्हे. गिरगावात मुगभाटातून आत वळलं की एक लोखंडी फाटक, आत फरशी घातलेलं अंगण, एका बाजूला एक मजली घर. खाली दोन जुने भाडेकरू, वर रघुवीर आणि बकुळाबाई. मुलगा पुष्कर बंगलोरला. आणि अंगणाच्या पार मागच्या कोपऱ्यात एक स्वतंत्र कौलारू खोली. तिला स्वतःची मोरी होती, स्वतःचं दार होतं आणि दारासमोर दोन खुर्च्या टाकण्याइतकी सावली होती. त्या खोलीत वर्षानुवर्षं एक बुकबाइंडर भाडेकरू होता. त्याच्या खळीचा आंबूस वास भिंतीत मुरलेला होता.

जाण्याच्या आठवडाभर आधी बाबा शुद्धीवर असताना म्हणाले होते, “मागची खोली सुमेची. बाइंडर गेला की तिला द्यायची. तिला तिचं दार असू दे.” खाटेशी आई होती, रघुवीर होते, सुमेधा होती. लिहून घ्यावं असं त्या घडीला कुणाच्या मनात आलं नाही. मरणाऱ्या माणसापुढे कागद धरणारी ती माणसं नव्हती.

सुमेधा टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. लग्नानंतर नवऱ्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये अँटॉप हिलला राहिली. मूलबाळ झालं नाही. नवरा नोकरीत असतानाच गेला आणि क्वार्टर सोडावं लागलं. तेव्हापासून ती माझगावला भाड्याच्या खोल्यांतून राहत होती. अकरा महिन्यांचा करार, मग दुसरी खोली, दुसरा जिना, दुसरा शेजार. तक्रार करण्याचा तिचा स्वभाव नव्हता. फक्त दर वेळी सामान बांधताना ती बकुळाबाईंना फोनवर म्हणायची, “वहिनी, आणखी एक बदली आली बघा.”

आईच्या वर्षश्राद्धानंतर तिनेच फॉर्म आणला होता. स्वतः रांगेत उभी राहून, जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीतून. बाबांच्या जागी दोघा वारसांची नावं लावायचा अर्ज. तिने नीट अक्षरात भरला, आपली सही केली, दाखले जोडले आणि म्हणाली, “दादा, तुझी सही कर आणि देऊन टाक. तुझं ऑफिस त्या अंगालाच आहे.” रघुवीरांनी फॉर्म घेतला, कोपऱ्यात ‘प्राप्त’ लिहिलं, तारीख घातली आणि टेबलाच्या खालच्या खणात ठेवला. तिथे तो अठरा वर्षं राहिला.

का ठेवला, याची दोन कारणं होती. एक ते जगाला सांगत, आणि स्वतःलाही सांगत. बाबांचं नाव कागदावरून काढायला मन होत नाही. ऐकणाऱ्याला हे पटायचं. काहींच्या डोळ्यांत पाणीही यायचं. दुसरं कारण त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. त्या सुमारास एक बिल्डर दोनदा येऊन चहा पिऊन गेला होता आणि रघुवीरांच्या मनाने हिशोब मांडला होता की पुढेमागे काही झालं तर एका सहीने होणाऱ्या कामाला दोन सह्या कशाला. बहिणीला बुडवायचं होतं असं नव्हे. खोली तिलाच द्यायची होती. पण ती आपण द्यावी आणि तिने घ्यावी, एवढी इच्छा होती. तिच्याकडे ती हक्काने असावी, हे काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं. भला माणूसही किती बारीक वाटेने चुकतो बघा.

सुमेधाने मध्ये विचारलं होतं. “झालं का रे ते नावाचं?” पहिल्यांदा रघुवीर म्हणाले, “सरकारी काम आणि सहा महिने थांब.” दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते पेपर वाचत होते. पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, “दिलंय.”

एका शब्दाची थाप. त्यानंतर तिने विचारलं नाही. भाऊ आवक-जावकचा माणूस. त्याने दिलंय म्हणजे दिलंयच.

कोविडनंतर बाइंडरच्या मुलाने धंदा बंद केला आणि खोली रिकामी करून दिली. सुमेधा तेव्हा पासष्टीला आली होती. कौलं चाळायला हवी होती, मोरी फुटली होती. रघुवीर म्हणाले, “आधी कागद नीट करू, मग राहायला ये.” कागदाचं नाव काढून ते कागदच टाळत होते, पण ऐकायला ते जबाबदारीचं वाटे. अशी दोन वर्षं गेली. शेवटी सुमेधानेच ठरवलं. माझगावचा करार दिवाळीला संपत होता. दिवाळीनंतर इथेच. तिने लोहार चाळीत जाऊन मागच्या खोलीच्या दारासाठी एक पितळी कडी आणली, कोयंड्यासकट. जाड, जुन्या घाटाची. बकुळाबाईंकडे देऊन म्हणाली, “सुतार आला की लावून घ्या, वहिनी. बाबांनी दार दिलंय, कडी माझी.”

हे झालं जुलैत. चोवीस ऑगस्टला पत्र आलं.

रजिस्टर पोस्टाचं लांब पाकीट, वर ‘श्री. मोरेश्वर गणेश वेलकर यांस’. पोस्टमन ओळखीचा. रघुवीरांनी पोचपावतीवर सही केली, ‘र. मो. वेलकर, मुलगा’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं, पाकिटावर लाल पेन्सिलीने तारीख घातली आणि पाकीट अडकित्त्याखाली सरकवलं.

दोन दिवसांनी फाटकावर एक कागद चिकटवलेला दिसला. गणपती यायचे होते म्हणून फाटकाला नुकताच हिरवा रंग दिला होता. रघुवीर चिडले. खाली वीजकंपनीचा शिक्का दिसत होता, वर बाबांचं नाव. हल्ली कंपनीची माणसं जुने मीटर बदलण्यासाठी असेच कागद लावत फिरत होती, तसलंच काहीतरी असणार. त्यांनी ओलं फडकं आणलं, रंग न खरवडता कागद अलगद सोडवला, कठड्यावर वाळवला, घडी घातली, आणि बाबांच्या नावाचा म्हणून तोही फळीवर ठेवला. कागद सोडवायला त्यांना पाऊण तास लागला. वाचायला दोन मिनिटं लागली असती.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. सगळे सण महिनाभर पुढे गेले होते, पितृपक्षही. दशमी आली ती थेट ऑक्टोबरच्या आठ तारखेला.

रविवार होता. बकुळाबाईंनी खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं यथासांग केलं. कावळा लगेच शिवला. “बाबा खूश आहेत,” रघुवीर म्हणाले. जेवणं झाल्यावर दोघं फोटोसमोर बसली. ग्रंथालयाचं पत्र झालं, बँकेचं झालं. मग सुमेधाने ते लांब पाकीट घेतलं, पिनेने फोडलं आणि रघुवीरांचा चष्मा टेबलावर राहिला होता म्हणून स्वतःच वाचू लागली.

आधी मोठ्याने वाचत होती. परिसरातल्या नव्या उंच इमारतींसाठी विजेची मागणी वाढल्याने उपकेंद्र उभारणे आवश्यक. सोबतच्या नकाशात दाखविलेला आपल्या मिळकतीचा मागील कोपरा व तेथपर्यंत केबलसाठी पट्टा. आपली हरकत असल्यास ही नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत. इथे ती वाचायची थांबली. तिने पाकीट उलटं केलं, कोपऱ्यातली लाल तारीख पाहिली आणि बोटांवर दिवस मोजले.

“दादा, हे चोवीस ऑगस्टला आलंय.”

“हो. मीच घेतलं.”

“तीस दिवस तेवीस सप्टेंबरला संपले.”

नकाशात मागची खोली एका लहान चौकोनात दाखवली होती. चौकोनावर तिरप्या रेघा मारल्या होत्या. सुमेधाने त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. रघुवीर म्हणाले, “अधिक मास आला ना मध्ये. एरवी दशमी विसाच्या आसपास पडते. वेळेत उघडलं असतं आपण.” पंचांगावर ढकलून बघितलं, पण पंचांगाने ते घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं नोटिशीवर पत्ता असलेल्या सरकारी कचेरीत गेली; जमिनीच्या नोंदीही तिथेच असत. तिथे बुद्धभूषण साळवे नावाचे अव्वल कारकून होते. पस्तिशीचे, शांत, समोरच्याला खुर्ची देणारे. त्यांनी फाइल काढली, पानं उलटली आणि सगळं समजावून सांगितलं. कंपनी झाली म्हणून कुणाच्या अंगणात आपोआप शिरता येत नाही. आधी मालकाची संमती मागावी लागते. संमती नसेल तर कंपनीला इथून परवानगी घ्यावी लागते, आणि ती द्यायच्या आधी मालकाचं म्हणणं ऐकावंच लागतं. मालक म्हणू शकतो, ही जागा नको, ती घ्या. तो म्हणू शकतो, इथे माझं माणूस राहणार आहे. मग साहेब स्वतः जागा बघायला जातात.

“या कामासाठी तीन जागा काढल्या होत्या, काका,” साळवे म्हणाले. “पहिल्या जागेच्या बाईंनी पाचव्या दिवशी हरकत दिली. साध्या वहीच्या पानावर. दुसऱ्यांनी विसाव्या दिवशी. दोघांची सुनावणी झाली, दोन्ही जागा सुटल्या. तिसऱ्या जागेवरून काहीच आलं नाही. नोटीस पोचल्याची सही आहे. फाटकावर लावल्याचा फोटो आहे. गेल्या आठवड्यात परवानगी निघाली.”

फाइलीत पोचपावती होती. ‘र. मो. वेलकर, मुलगा.’ अक्षर देखणं होतं.

“आम्ही उघडलं नव्हतं,” रघुवीर म्हणाले. “आमच्याकडे बाबांची पत्रं तिथीला उघडतात.” बोलता बोलताच त्यांना ते वाक्य त्या टेबलापलीकडून कसं ऐकू येत असेल ते कळलं. चौतीस वर्षं ते त्याच बाजूला बसले होते.

साळवे हसले नाहीत. “तुम्ही कुठे होता, काका, नोकरीला?”

“आवक-जावकला.”

“मग तुम्हाला मी काय सांगणार,” ते म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

सुमेधा पुढे सरकली. “माझी हरकत घ्या. उशिरा तर उशिरा. ती खोली माझी आहे. मला नोटीस मिळालेलीच नाही. माझं नाव आहे ना जागेच्या मालकीच्या कार्डावर? मग माझ्या पत्त्यावर का नाही पाठवली?”

साळव्यांनी कार्डाची नक्कल तिच्यासमोर धरली. धारकाच्या, म्हणजे मालकाच्या, रकान्यात एकच नाव होतं. “कार्डावर जे नाव असतं त्यालाच नोटीस जाते, मॅडम. इथे तुमचं नाव नाही. ह्यांचंही नाही. वारसांचा अर्जच कधी आलेला दिसत नाही.”

सुमेधाने तो रकाना पुन्हा वाचला. मग वळून म्हणाली, “दादा, तू दिलंय म्हणाला होतास.”

खरं तर एवढ्या वर्षांत रघुवीरांनी उत्तर तयार ठेवायला हवं होतं. पण ती कधी विचारेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. विश्वास टाकलेल्या माणसाची हीच तर सोय असते.

“खणात आहे,” ते शेवटी म्हणाले.

साळव्यांनी आपणहून कोरा कागद पुढे केला. तिने हरकत लिहिली, उशिराचं कारण लिहिलं, सही केली. कारणाच्या ओळीत तिने भावाचं नाव घातलं नाही. ‘कौटुंबिक प्रथेमुळे पत्र उघडण्यास विलंब’ एवढंच लिहिलं. रघुवीरांनी ते वाचलं आणि त्यांना तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर दगडी पायऱ्यांवर ती थांबली. “माझं नाव लावलं असतंस तर एक पत्र माझ्याकडेही आलं असतं,” ती म्हणाली. “मी एक्स्चेंजची बाई आहे, दादा. घंटी वाजली की उचलते. चोवीस तारखेला आलं असतं ना, तर पंचवीसला मी इथे या पायरीवर असते.”

“मला बाबांचं नाव काढवेना, सुमे.”

“बाबांचं नाव काढवेना की माझं घालवेना?”

तिने आवाज चढवला नव्हता. आजूबाजूने लोक चढत-उतरत होते, कुणाचं लक्षही नव्हतं. रघुवीर म्हणाले, “दोन्ही.” आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते मोठ्याने म्हटलं. ती पायऱ्या उतरून गेली. त्या दिवशी माझगावची बस तिने एकटीने पकडली.

उशिरा आलेल्या अर्जावरही साहेबांनी ऐकून घेतलं, माणुसकी म्हणून. डिसेंबरात बोलावणं आलं. साहेबांनी विचारलं, “खोलीत सध्या कोण राहतं?” सुमेधा म्हणाली, “मी राहणार होते.” लिहून घेणाऱ्याने पेन थांबवलं आणि मग लिहिलं, ‘खोली रिकामी.’ राहणार होते, असा रकाना कुठल्याच कागदावर नसतो. कंपनीच्या माणसांनी सांगितलं की केबलचा मार्ग आता त्या जागेकडे वळवला आहे, निम्मा रस्ता खोदून झाला आहे. साहेबांनी मान हलवली. परवानगी कायम राहिली. भरपाई मिळेल, पण वारस कोण ते आधी सिद्ध करा, असं सांगण्यात आलं. म्हणजे एवढं सगळं होऊनही पुन्हा त्या खणातल्या फॉर्मापाशीच येऊन ठेपलं.

फेब्रुवारीत माणसं आली. कौलं उतरवली, ती मात्र त्यांनी नीट रचून ठेवली. भिंती पाडायला एक सकाळ लागली. रघुवीर वरच्या गॅलरीत उभे होते. भिंत पडली तेव्हा त्यांच्यापर्यंत खळीचा वास आला आणि बाबा बाइंडरशी दारात उभं राहून बोलायचे ते त्यांना आठवलं. त्यांना खाली जाऊन कुणाला तरी थांबवावंसं फार वाटलं. पण काय म्हणून थांबवणार? महिन्याभरात तिथे राखाडी पेट्या उभ्या राहिल्या, भोवती जाळी आली, जाळीवर धोक्याची पाटी आली. जाळीच्या दाराला कंपनीचं कुलूप लागलं. ते दार काही सुमेधाचं नव्हतं.

बकुळाबाई नवऱ्याला कधी टाकून बोलल्या नाहीत. पण कडी ज्या खाकी कागदात आली होती त्याच कागदात त्यांनी ती कपाटात ठेवून दिली, आणि ते कपाट उघडायची वेळ आली की रघुवीर आताशा त्यांनाच हाक मारत.

एप्रिलमध्ये रघुवीरांनी खण उघडला. फॉर्म पिवळा पडला होता. सुमेधाची सही मात्र ताजी दिसत होती. तो फॉर्म आता चालत नव्हता, नमुना बदलला होता. त्यांनी नवा घेतला, सुमेधाच्या सहीसाठी माझगावला तिच्या दिवाळीपासूनच्या भाड्याच्या खोलीवर गेले, तिने दारातच सही करून दिली. साळव्यांनी कुठे काय जोडायचं ते सांगितलं, दोनदा आपणहून फोनही केला. रघुवीरांनी एक विचारलं, “नावं लावताना आधी तिचं घालता येईल का?” साळवे म्हणाले, “क्रमाने हक्कात फरक पडत नाही, काका.” “माहीत आहे,” रघुवीर म्हणाले. “तरी घाला.”

ऑगस्टअखेर नवं कार्ड हातात आलं. ‘१. सुमेधा मोरेश्वर वेलकर, लग्नानंतरचे नाव सुमेधा श्रीकांत गुप्ते. २. रघुवीर मोरेश्वर वेलकर.’ बाबांच्या नावाला कंस झाला होता, म्हणजे ते नाव कमी झालं होतं. रघुवीर त्या कागदाकडे पाहत बसले. त्यांना वाटलं होतं पोटात तुटेल, तसं काही झालं नाही. उलट बरं वाटलं. एवढं सोपं होतं तर अठरा वर्षं का लागली, याचं मात्र फार वाईट वाटलं. कार्ड त्यांनी लगेच माझगावला न्यायला हवं होतं. पण सवय मोठी वाईट. त्यांनी ते अडकित्त्याखाली ठेवलं. म्हटलं, तिथीलाच देऊ, बाबांसमोर.

या वर्षी दशमी सप्टेंबरात आली. सुमेधा येईल की नाही याची बकुळाबाईंना धाकधूक होती. ती आली. हात धुऊन स्वयंपाकघरात गेली, वडे तळायला बसली, पूर्वीसारखीच. जेवणं झाल्यावर दोघं फोटोसमोर बसली. फळीवर या वेळी एकही पाकीट नव्हतं. नावं बदलायच्या खटाटोपात रघुवीरांनी बँकेला कळवलं होतं, विम्याला कळवलं होतं, ग्रंथालयालाही कळवलं होतं. बाबांना आता पत्रं येत नव्हती. अंगणातून उपकेंद्राची घरघर तेवढी येत होती. रघुवीरांनी अडकित्ता उचलला आणि खालचं कार्ड तिच्या हातात दिलं.

“तुझं नाव आधी आहे,” ते म्हणाले.

सुमेधाने चष्मा लावला आणि कार्ड वरपासून खालपर्यंत वाचलं. आयुष्यभर आकडे ऐकून जोडण्या देणारी बाई, एकही ओळ सोडायची नाही. आपलं नाव वाचलं, भावाचं वाचलं. मग खालच्या ‘इतर हक्क’च्या रकान्यावर आली. तिथे कंपनीची नोंद होती. मिळकतीच्या मागील कोपऱ्यात उपकेंद्र व केबल ठेवण्याचा, देखभालीसाठी येण्याजाण्याचा कायम हक्क. पुढे तारीख.

“त्यांची नोंद मार्चची आहे,” ती म्हणाली.

रघुवीरांनी ते पाहिलं नव्हतं. हे कार्ड त्यांनी कितीदा वाचलं होतं, पण नेहमी वरच्या दोन ओळींपाशीच थांबले होते.

“माझी ऑगस्टची. म्हणजे बाबांच्या जागेवर माझ्या आधी त्यांचं नाव लागलं, दादा.”

रागाने नाही, एखादा नंबर लागत नाही हे सांगावं तशी ती बोलली. तिने कार्ड घडी न घालता परत अडकित्त्याखाली ठेवलं आणि उठली. पिन तिच्या केसातच राहिली होती, काढायची वेळ आली नव्हती.

निघताना तिने बकुळाबाईंना विचारलं, “वहिनी, माझी कडी आहे ना?”

बकुळाबाईंनी कपाटातून खाकी पुडा आणून दिला. त्यांना डोळे पुसायला पदर पुरला नाही. “कुठे लावणार आता?”

“पुढच्या महिन्यात जातेय त्या नव्या खोलीच्या दाराला. कडी धड नाही तिथे. अकरा महिन्यांनी काढून घेता येते,” सुमेधा म्हणाली.

रघुवीर तिला सोडायला फाटकापर्यंत खाली आले. जाळीजवळून जाताना दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. फाटकाचा हिरवा रंग अजून चांगला होता, कागद जिथे होता तिथेही. फाटकाला हात लावून ते थांबले आणि म्हणाले, “सुमे, चुकलं माझं. फार चुकलं.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “मुदत उलटल्यावर सांगतोयस, एवढंच.”

मग तिने कडीचा पुडा पिशवीत नीट तळाशी सरकवला, फाटक आपल्यामागे ओढून घेतलं, आणि मुगभाटाच्या तोंडाशी टॅक्सी मिळते का ते बघायला निघाली.